सिंधुदुर्गाला जायचंय? आधी पंचांग उघडा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी आईला घेऊन मालवणला गेलो होतो. पोरांना सुट्ट्या होत्या, एवढाच हिशोब केला होता. समुद्र खवळलेला, पाण्यातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या बंद. बहात्तर वर्षांची आई धक्क्यावर उभी राहून किल्ल्याला हात जोडून परतली. ते मला फार लागलं.

म्हणून सोलापूरकरांनो, पहिली गोष्ट, मे नकोच. आपल्याला त्रेचाळीस अंशांची सवय आहे, तेहतिसाला काय घाबरायचं, असं वाटतं. पण तिकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंडच होत नाही. किल्ल्याचा तट सुमारे तीन किलोमीटर, वर सावली जवळजवळ नाही. जून ते ऑगस्ट तर विषयच नाही. ऑक्टोबरात हिरवळ छान असते, पण ऊन चटका देतं.

माझ्या मते खरा काळ मार्गशीर्षाच्या आसपासचा, साधारण नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा मध्य. दिवाळीची गर्दी ओसरलेली असते, नाताळची आलेली नसते. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली तीही २५ नोव्हेंबर १६६४ ला, पाऊस संपून समुद्र निवल्यावर. हा काळ चुकला तर आपली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकून जानेवारीअखेर ते महाशिवरात्र.

महिना ठरला की तिथी बघा. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, घरात असतंच. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पंधरवड्यातली दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साधारण साडेसातला पूर्ण भरती आणि दीड-दोनला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. होडीत पाय टाकताना म्हाताऱ्या माणसाची तारांबळ होते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. हा अंदाज आहे, आदल्या संध्याकाळी धक्क्यावर होडीवाल्याला विचाराच.

पुढच्या मार्गशीर्षात मी दशमी धरली. एकादशीला आईचा उपास, उन्हात नको म्हटलं. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापुरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी फोंडा घाट उतरून मालवण, तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच होडीत. एका दमात जाऊ नका, वयस्कर माणूस बरोबर असेल तर नाहीच. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र घ्या.

राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात आई बराच वेळ बसली. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघितल्या. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये या गोड्या विहिरी! आईने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं.