स्पॅनिशमधला ‘या’ कसा वापरावा

स्पॅनिशमध्ये कोणी ‘या’ म्हणालं तर ते आपल्याला बोलावत नसतं. लॅटिन ‘याम’पासून आलेल्या या एवढ्याशा शब्दाचा अर्थ शब्दकोशात ‘आधीच’ असा सापडतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

१. आधी क्रियापदाचा काळ बघा. भूतकाळ असेल तर काम उरकलंय. मेक्सिकोत ‘या कोमिस्ते?’ म्हणजे साधं ‘जेवलास का?’, ‘इतक्यात जेवलास?’ असलं आश्चर्य त्यात नसतं. उत्तर ‘सी, या’, म्हणजे ‘हो, झालं’. स्पेनमध्ये हाच प्रश्न ‘या आस कोमिदो?’ असा विचारतात. भविष्यकाळात मात्र शब्द ढिला पडतो. ‘या बेरेमोस’ म्हणजे आपलं ‘बघू’. त्यात होकार शोधू नका.

२. दाराची बेल वाजली की ‘या बोय’ म्हणा. मराठी माणूस हमखास चुकतो तो इथे. आपण ‘आलोच’ म्हणतो, म्हणून ‘येणे’चं रूप घेऊन तो ‘या बेंगो’ म्हणून मोकळा होतो. त्याचा अर्थ ‘जाऊन येतो’! दारातला पाहुणा बुचकळ्यात पडतो. स्पॅनिश बोलणारा स्वतःच्या जागेवरून बघतो, त्यामुळे दाराकडे तो ‘जातो’. (‘बोय’, ‘बेंगो’ लिहिताना ‘व्ही’ असतो, उच्चार ‘ब’.)

३. नकार जपून द्या. ‘या नो फुमो’ म्हणजे ‘आता सिगारेट ओढत नाही’, सोडली. ‘अजून नाही’ला ‘तोदाबिया नो’. काम झालं का विचारल्यावर ‘या नो’ म्हणालात, तर काम बाकी आहे असं नव्हे, तुम्ही ते सोडूनच दिलंय असा अर्थ निघतो.

४. नुसता ‘या!’ जोरात आला की ‘बास!’. मेक्सिकोच्या च्यापासमध्ये १ जानेवारी १९९४ला उठाव करणाऱ्या झापातिस्तांची घोषणा होती ‘या बास्ता!’, पुरे झालं. स्पेनमध्ये बोलता बोलता येणारा ‘या, या’ मात्र आपल्या ‘हं, हं’सारखा.

५. ‘या के’ जोडून आला तर आपला ‘च’ आठवा. ‘या के एस्तास दे पिए, त्राएमे आग्वा’ : उठलाच आहेस तर पाणी आण.

अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेसमध्ये यातलं काहीच ऐकू येत नाहीये असं वाटलं, तर ‘शा’ ऐका. तिथे ‘या’चा उच्चार तसाच करतात.