जुन्या फोटोतला वळू कसा पारखायचा

आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या घरी ट्रंकेत एक फोटो आहे, आजोबा आजी आणि मध्ये काळाकुट्ट वळू, आणि सगळे सांगत आलेत की आपल्याकडची मूळ जात काळी होती. मीपण तेच सांगत फिरायचो. मग एकदा फोटो उजेडात नेऊन बघितला तर नवीन घातलेली मंगळुरी कौलं काळी, नुकत्याच तासलेल्या चिऱ्याची भिंत काळी, आजीचं कुंकू म्हणजे शाईचा ठिपका. फोटोच्या जुन्या काचेच्या प्लेटींना निळा पटकन दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही, त्यामुळे तांबडं जनावर काळं येतं आणि आभाळ कोरं पांढरं. म्हणजे आमचा वळू तांबडाही असू शकतो! तर रंग ठरवायच्या आधी त्याच फोटोत अशी वस्तू शोधा जिचा खरा रंग तुम्हाला माहीत आहे. शेवाळलेलं कौल नको, ते खऱ्यातपण काळंच असतं.

पांढऱ्याची गंमत उलटी. देशातल्या जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या सरकारी ब्युरोकडे गोव्याची जात म्हणून नोंदलेली श्वेत कपिला नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यासुद्धा. पण कडक उन्हात फिके ठिपके फोटोत जळून जातात, म्हणून पाठ बघू नका, गोंडा बघा. बऱ्याच दुसऱ्या पांढऱ्या जातींचा गोंडा काळा असतो आणि काळा सहसा फोटोत टिकतो.

आता मोठी चूक, जी बहुतेक सगळे करतात: जनावर वळू आहे की खच्ची केलेला बैल, हे कुणी बघतच नाही. वळूची मान जाड, वशिंड भरलेलं, शिंगं बुडाशी जाड आणि त्या मानाने आखूड. लहानपणी खच्ची केलेल्याची शिंगं लांब आणि बारीक वाढतात, वशिंड बसकं, मान हलकी. मानेवर जुवाचा घट्टा दिसला तर तो राबता बैल असण्याची शक्यता जास्त, पैदास त्याच्यापासून झाली असं धरू नका.

इंग्लंडमधलं उदाहरण देतो कारण ते मस्त आहे. १८०२ साली जॉन बोल्टबीने रंगवलेला डरहॅम ऑक्स नावाचा बैल, शॉर्टहॉर्न ही तिकडची गुरांची जात म्हटलं की हेच चित्र पुढे येतं, आणि तो गडी खच्ची केलेला, एक वासरू त्याच्या नावावर नाही. जात पुढे नेली ती त्याचा बाप फेव्हरिट याने, याचाच मुलगा कॉमेट १८१० मध्ये १००० गिनींना विकला गेला. त्या काळातली चित्रं बघाल तर धड पेटीसारखं चौकोनी, पाय काड्या, डोकं लिंबाएवढं, कारण मालकाला तेच हवं असायचं. थॉमस ब्यूइक या कोरीवकाम करणाऱ्याने नसलेली चरबी काढून द्यायला नकार दिला होता, बाकीच्यांनी पोटासाठी काढली असणार, त्यांना काय बोलणार. म्हणून चित्रात धडाचं माप घेऊ नका, शिंगांचं वळण, कानांची ठेवण, ठिपक्यांची जागा एवढंच घ्या, ते खोटं काढून मालकाला काही फायदा नाही.

फोटोत उंची मोजायची तर शेजारचा माणूस जनावराच्या पुढे उभा की मागे ते आधी बघा, मागे उभा असेल तर जनावर आपोआप मोठं दिसतं. पाय बघा, पाय खोटं बोलत नाहीत, पण फोटोग्राफर गवतात उभं करतो. गोरवांच्या पाडव्याचे, म्हणजे दिवाळीत गुरं सजवतात त्या दिवसाचे, फोटो तर सोडूनच द्या, हार इतके की वशिंडच दिसत नाही, शिंगांवर रंग.

गायीच्या कासेवर फार जाऊ नका, फोटोसाठी धार काढायची राहू दिली की कास कुणाचीही भरते. सड सारखे आहेत का आणि पोटाखालची दुधाची शीर किती जाड आणि वळणाची एवढं बघा, त्यावरून अंदाज येतो, लिटर कळत नाहीत.

आता आमच्या फोटोकडे परत आलो तर शिंगं हातभर लांब, बारीक, आणि मानेवर लख्ख घट्टा. काळा होता असं सांगता येत नाही, आणि वळू तर नाहीच. मोठ्या काकांना अजून सांगितलेलं नाही, पाडव्याला जेवणं झाल्यावर सांगेन म्हणतो.