श्टूसच्या कड्यावरची वाट: सुरुवात क्लिंगेनस्टॉकपासून करावी

स्वित्झर्लंडमधील श्टूस येथे क्लिंगेनस्टॉक (1935 मीटर) ते फ्रोनाल्पश्टॉक (1921 मीटर) अशी माथ्यामाथ्यावरून जाणारी वाट आहे. सुमारे पावणेपाच किलोमीटरची ही चाल हुझरश्टॉक वगैरे शिखरांवरून जाते आणि खाली निळेशार ऊर्नरझे सरोवर सतत सोबतीला असते. दोन्ही टोकांना खुर्चीची रोपवे असली, तरी सुरुवात क्लिंगेनस्टॉकपासून करावी, कारण तसे केल्यास फ्रोनाल्पश्टॉकवरचे उपाहारगृह शेवटी, म्हणजे थकलेल्या पायांना हवे तेव्हाच, गाठता येते.

लांबी पाहून ही वाट सोपी मानू नये. ती सारखी उतरते आणि पुन्हा चढते, आणि अरुंद, खड्या टप्प्यांवर आधारासाठी साखळ्या बसवलेल्या आहेत. तिथे चालण्याच्या काठ्या आधीच पाठीवर बांधून दोन्ही हात मोकळे ठेवावेत. वाटेवरच्या पिवळ्या फलकांवरील वेळेत विश्रांती धरलेली नसते, त्यामुळे दोन तास लिहिलेले असल्यास तीन ते साडेतीन तास हाताशी ठेवणे मला योग्य वाटते. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येण्याचा संभव असतो आणि उघड्या धारेवर विजेपासून आसरा मिळत नाही, म्हणून सकाळी लवकर निघावे. फ्रोनाल्पश्टॉकवरून खाली येणाऱ्या शेवटच्या रोपवेची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी; ती चुकल्यास श्टूसपर्यंत सुमारे सहाशे मीटर पायी उतरावे लागते.