फेज्ड अ‍ॅरेने वेल्ड तपासताना या चुका टाळा

फेज्ड अ‍ॅरे म्हणजे एकाच प्रोबमधून अनेक कोनांत अल्ट्रासॉनिक लहरी सोडून वेल्ड तपासायची पद्धत. तिच्या रंगीत एस-स्कॅनवर (वेल्डच्या छेदाच्या चित्रावर) वेल्डचा आकार आखलेला दिसला की इंडिकेशन (दोषाची खूण) नेमकं तिथेच आहे असं वाटायला लागतं. पण तो आकार मशीनने पाहिलेला नसतो, सेटअपमध्ये आपणच भरलेला असतो. चुकीचा आकडा टाकला तरी चित्र तितकंच देखणं येतं.

सगळ्यात जास्त घोळ जाडीचा. ड्रॉइंगवर 20 मिमी आहे म्हणून 20 टाकून मोकळं होऊ नका. ए-106 (कार्बन स्टीलच्या पाइपचं स्टँडर्ड) सीमलेस पाइपची जाडी 12.5 टक्क्यांनी कमी भरली तरी चालते, म्हणजे 17.5 मिमीचा पाइपही पास. आता तळावरून उलटून येणाऱ्या दुसऱ्या लेगचा (लहरीच्या मार्गाच्या दुसऱ्या टप्प्याचा) हिशोब करा. जाडीत अडीच मिमीची चूक झाली की खोलीत दुप्पट, म्हणजे 5 मिमीची चूक होते. आडवं अंतर मात्र बरोबर येतं, म्हणून शंकाही येत नाही. बेव्हलवरचं (वेल्डसाठी तिरक्या कापलेल्या कडेवरचं) लॅक ऑफ फ्यूजन, म्हणजे वेल्ड कडेशी न जुळल्याचा दोष, स्क्रीनवर रेषेबाहेर, बेस मेटलमध्ये जाऊन बसतं आणि कुणीतरी ते लॅमिनेशन (पाइपच्या धातूतलाच थर सुटल्याचा दोष) म्हणून सोडून देतं. त्यामुळे वेल्डच्या दोन्ही बाजूंना झिरो डिग्री (सरळ खाली लहर सोडणाऱ्या) प्रोबने जाडी घ्या. खरंच लॅमिनेशन असेल तर तेही त्यातच कळेल.

दुसरी चूक उन्हाळ्यातली. पाइप यार्डात तापतोय आणि कॅलिब्रेशन ब्लॉक (मशीन जुळवून घ्यायचा नमुना ठोकळा) एसी केबिनमध्ये! एएसएमई सेक्शन 5 (तपासणीचा कोड) नुसार दोघांच्या तापमानातला फरक 14 अंश सेल्सिअसच्या आत हवा. वेज (प्रोबखालचा प्लास्टिकचा तिरका तुकडा) तापला की त्यातला ध्वनिवेग घटतो आणि कोन वाढतो. वेग 1 टक्का घटला तर 45 अंशांचा कोन जेमतेम 0.6 अंशाने सरकतो, 70 चा मात्र 1.6 अंशाने. ब्लॉक जॉबशेजारीच ठेवा.

सी-स्कॅनवर (वरून पाहिल्यासारख्या नकाशावर) काळ्या रेघा आल्या तर आधी हाताचा वेग कमी करा, तो डेटा सुटलेला असतो. कपलंट (प्रोब आणि धातूमधलं पाणी किंवा जेल) तुटलं असेल तर रेघ रिकामी नसते, पण नेहमीचा नॉइजही दबतो. लांबी टेपशी जुळत नसेल तर एन्कोडरचं (प्रोब किती सरकला ते मोजणाऱ्या यंत्राचं) चाक घसरतंय.

स्टेनलेस स्टीलच्या वेल्डवर कार्बन स्टीलचा शिअर वेव्ह (कण आडवे हलवणाऱ्या लहरींचा) सेटअप तसाच वापरणं ही सगळ्यात महागाची चूक. जाड, लांबट ग्रेन्समुळे बीम वाकतो, विखुरतो. तिथे कमी फ्रिक्वेन्सीचा, लाँगिट्युडिनल वेव्हचा (कण लहरीच्याच दिशेने हलवणाऱ्या लहरींचा) ड्युअल मॅट्रिक्स प्रोब, म्हणजे लहर सोडणारा आणि घेणारा भाग वेगळा असलेला प्रोब, लागतो. त्यात दुसऱ्या लेगचा भरवसा नाही, म्हणून कॅप (वेल्डचा वर आलेला फुगवटा) घासून सपाट करून मागा. पलीकडच्या बेव्हलवरचा नॉच (मुद्दाम कापलेली खाच) वेल्डमधून दिसतो का, ते मॉक-अपवर (नमुना वेल्डवर) आधी बघा. दिसत नसेल तर दोन्ही बाजूंनी स्कॅन करायला जागा हवी, हे क्लायंटला फिट-अपच्या (पाइप वेल्डसाठी जुळवण्याच्या) आधीच लेखी कळवा.