घरच्या सेंद्रिय तंबाखूचा सिगार: या चुका टाळा, निदान पान तोडल्यानंतरच्या तरी

घरी तंबाखू लावून स्वतःचा सिगार वळायचा, अशी हौस आलेल्या माणसाची तक्रार मला आता पाठ झाली आहे. "रोपं मस्त आली, पण सिगार तोंडात धरवत नाही." रोपं मस्त येणारच. तंबाखू हे रांगडं पीक आहे, तीन-चार महिन्यांत पुरुषभर उंच होतं. खेळ बिघडतो तो बहुतेक वेळा पान तोडल्यावर. बिघडवणाऱ्या चुका दरवर्षी त्याच असतात, माणसं तेवढी नवी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. 'सेंद्रिय' म्हणजे निरुपद्रवी नव्हे. फवारणीचे अंश पानावर नसतील, पण निकोटीन असतंच, आणि कर्करोगाला कारण ठरणारी नायट्रोसमाइन्स पान सुकता-मुरताना पानातच तयार होतात. सिगारचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. "घरचं आहे, काय होतंय" असं ज्याला वाटतं त्याने टोमॅटो लावावेत. घरगुती लागवडीचे नियमही देशागणिक वेगळे आहेत, तेव्हा बी मागवण्याआधी आपल्याकडचा कायदा वाचा.

बी पुरणं

एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया मावतात, यावरून अंदाज घ्या. या बीला उगवायला उजेड लागतो. वर मातीचा थर दिलात की संपलं. चिमूटभर बी कोरड्या बारीक वाळूत कालवून ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि ट्रेला खालून पाणी पाजायचं. वरून झारी धरली तर सगळं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. 20 ते 27 अंशांत आठवडा-दोन आठवड्यांत हिरवी शाई शिंपडल्यासारखं दिसायला लागतं. चौथ्या दिवशी "बी खराब निघालं" म्हणून ट्रे उलटा करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

'सेंद्रिय' आहे म्हणून खताचा मारा

माझा तिसरा हंगाम खताने खाल्ला. आदल्या वर्षी पानं लहान आली होती, म्हणून लागवडीआधी भरपूर शेणखत टाकलं, वर दर पंधरा दिवसांनी शेणाची स्लरी, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून कोंबडखतही. पानं अशी आली की बघायला लोक थांबायचे. काळपट हिरवी, जाड, हाताला चामड्यासारखी. मी मिशीला पीळ देत फिरत होतो. शेंडा खुडून पाच आठवडे उलटले तरी एकही पान पिकायचं नाव घेईना. पिकलेलं पान लपत नाही. त्याचा रंग उतरतो, अंगावर फिकट चट्टे येतात, टोक खाली वळतं आणि पान दुमडून चिमटीत दाबलं की कट्‌कन मोडतं. माझी पानं पहिल्या दिवसासारखीच तुकतुकीत. शेवटी थंडी आली आणि सगळी कच्चीच उतरवावी लागली. त्या वर्षीच्या सिगारचा धूर डोळ्यांत मिरची गेल्यासारखा झोंबायचा.

नायट्रोजन मिळत राहिलं की झाड पानं पिकवत नाही, वाढवत बसतं. सेंद्रिय खत तर हळूहळूच सुटतं, म्हणजे आपल्याला हात आखडता घ्यायचा असतो नेमकं तेव्हाही ते झाडाला नायट्रोजन पुरवतच असतं. आता मी नीट कुजलेलं शेणखत लागवडीच्या महिनाभर आधी मातीत मिसळतो, रोप गुडघ्याला लागलं की एकदा गांडूळखत देतो, आणि कळी दिसल्यावर काही म्हणजे काही नाही. झाड केविलवाणं दिसायला लागतं. दिसू द्या.

याच घोळातली दुसरी बाजू क्लोराइडची. पानात क्लोराइड जास्त गेलं की पान धड जळत नाही, सिगार सारखा विझतो आणि राख काळी पडते. खारं पाणी, न धुतलेलं समुद्री शेवाळ, कोंबडखत यांतून ते गुपचूप येतं. पोटॅश द्यायचंच असेल तर खनिज स्वरूपातलं पोटॅशियम सल्फेट द्या. राखेचा सल्लाही बरेच जण देतात. थोडी चालेल, पण तंबाखूला 5.5 ते 6.5 सामूची (pH), म्हणजे किंचित आम्लधर्मी माती मानवते. राखेने ती उलट्या दिशेला जाते आणि मुळांचे रोग बळावतात.

किरकोळ वाटणाऱ्या, पण नडणाऱ्या

शेंडा न खुडणं. गुलाबी फुलं सुंदर दिसतात, मान्य. बियांसाठी एक झाड राखा, बाकीच्यांची कळी आली की खुडा. त्यानंतर पानांच्या बगलेतून फुटवे येतात, ते दर आठवड्याला बोटाने मोडावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

ओली पानं उघड्या हातांनी तोडणं. दवातलं निकोटीन कातडीतून अंगात उतरतं, मग मळमळ, चक्कर, उलट्या. पान कोरडं झाल्यावर तोडा, हातमोजे आणि लांब बाह्या घाला, लहान मुलांना या कामात घेऊ नका.

सिगरेट ओढून त्याच हातांनी रोपं हाताळणं. पानांवर चट्टे पाडणारा मोझॅक विषाणू तयार तंबाखूतही टिकून असू शकतो. साबणाने हात धुवा. टोमॅटो आणि मिरचीही याच कुळातली, त्यामुळे एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं.

मावा आल्यावर तोडणीच्या तोंडाशी कडुनिंबाचं तेल मारणं. तो वास मग पानातच राहतो. लहान असतानाच बोटाने चिरडा किंवा पाण्याच्या फवाऱ्याने झाडून टाका. पान खाणाऱ्या अळीसाठी बीटी, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूचं औषध, चालतं. आणि तंबाखूचा काढा करून फवारणं हा सेंद्रिय उपाय नव्हे, जगात बऱ्याच सेंद्रिय मानकांनी तो नाकारलेला आहे.

पान वाळवायची घाई

आता माझी सगळ्यात लाडकी चूक, कारण ती मी स्वतः थाटामाटात केली. पहिल्या वर्षी साठ-सत्तर पानं निघाली. ती दोरीवर ओवून उन्हाच्या खिडकीत टांगली आणि समोर पंखा लावला. पाचव्या दिवशी पानं कुरकुरीत. मला वाटलं, जग उगाच दोन महिने घालवतं! रंग हिरवा होता, पण म्हटलं मुरल्यावर होईल तपकिरी. झाला नाही. सहा महिने डब्यात ठेवली, पाणी शिंपडून पुन्हा ओलावली, पुन्हा सुकवली. हिरवी ती हिरवीच. सिगार वळून पेटवला तेव्हा पेटवलेल्या गवताच्या गंजीत तोंड घातल्यासारखं वाटलं. दोस्ताने एक झुरका घेतला, सिगार माझ्या हातात परत दिला आणि विषय बदलला.

पान तोडल्यावर लगेच मरत नाही. त्याच्या पेशी काही दिवस जिवंत असतात, आणि त्या उपासमारीतच पान आपलं हिरवं द्रव्य मोडतं, साठलेला स्टार्च संपवतं. आधी पिवळं, मग तपकिरी होतं. वाऱ्या-उन्हाने चार दिवसांत सुकवलंत तर पेशी मधेच मरतात आणि हिरवा रंग कायमचा अडकतो. पुढे कितीही मुरवा, तो सुटत नाही. ओव्हन आणि मायक्रोवेव्ह यांबद्दल मला कृपया विचारू नका.

माझी पद्धत अशी. तोडलेली पानं आधी सावलीत रचून ओलसर कापडाखाली ठेवतो आणि रोज खालची वर करतो, म्हणजे ढीग तापून कुजत नाही. बहुतेक पिवळी पडली की मधल्या शिरेतून दोरा ओवून, दोन पानांत बोटभर अंतर ठेवून, अंधाऱ्या खोलीत टांगतो. आर्द्रता 65 ते 75 टक्के, आणि घाई नाही, सहा ते आठ आठवडे. आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर आहे, पण रोज सकाळी पान बोटांत धरतोच. कुरकुरलं तर फरशीवर पाणी शिंपडतो, ओल्या फडक्यासारखं लागलं तर खिडकी उघडतो. पान तपकिरी झालं म्हणून काम झालं असं समजू नका. मधली शीर वाकवून बघा. कडकन मोडली तर सुकलं. लवचीक असेल तर आत पाणी आहे, आणि असं पान डब्यात भरलं की आठवड्याभरात शिरेवर पांढरी बुरशी.

मुरवताना प्लास्टिकची पिशवी

सिगारची पानं कारखान्यात मोठ्या थप्प्यांत मुरवतात. वजनाने आणि ओलाव्याने थप्पी आतून आपोआप तापते, 50 अंशांच्या आसपास गेली की मोडून पुन्हा रचतात. आपल्या दोन किलो पानांचा ढीग तापत नाही, कोमट होतो, आणि कोमट ओल बुरशीला अगदी मानवते. पिशवीत बांधून उन्हात ठेवण्याचा शॉर्टकट म्हणजे बुरशीची शेती. उष्णतारोधक पेटी करा. जुन्या बंद पडलेल्या फ्रिजचं कपाट उत्तम. आत थर्मोस्टॅटवर चालणारा छोटा हीटर, पाण्याचं भांडं, 50 अंश, 70-75 टक्के आर्द्रता, चार ते सहा आठवडे. चार दिवसांनी एकदा दार उघडा. पहिल्यांदा अमोनियाचा भपकारा नाकात जाईल, तो यायलाच हवा. तो जाऊन गोडसर, सुक्या गवतासारखा वास आला की समजायचं, पान बसलं. घाईने तापमान वाढवलंत तर पान मुरत नाही, शिजतं.

वळताना आणि ठेवताना

पान वळायच्या आधी ओलावून मऊ करावं लागतं, पण नवशिके ते चिंब करतात. असा सिगार आत ओढच घेत नाही. मधली शीर काढा, आतली पानं पंख्यासारखी दुमडून हवेला वाट ठेवा. वरच्या आवरणासाठी सर्वांत पातळ, न फाटलेलं पान राखा, आणि गुंडाळताना शिरांची उठावदार बाजू आत जाऊ द्या. झालेला सिगार त्याच संध्याकाळी पेटवू नका. निदान तीन आठवडे 65 ते 70 टक्के आर्द्रतेत पडू द्या.

खोक्याच्या तळाशी बारीक तपकिरी पूड आणि सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर ती तंबाखूच्या भुंग्याची कामगिरी आहे. त्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात आणि उबेत फुटतात. हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांवर आठवडाभर गोठवा, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आणि त्यानंतरच बाहेर. थेट बाहेर काढलेत तर आवरण तडकतं. मी एकदा तसं केलं, तेव्हा बारापैकी नऊ सिगारांची आवरणं तडकली.