सांभाळलेल्या प्राण्याला नीट खायला कसं घालायचं: भांड्यापासून पोटापर्यंत

भांड्यात काय टाकलं हे कुणीही सांगतं, पोटात काय गेलं असं विचारलं की बरेच जण अडतात. सगळा घोळ इथेच होतो. घरात मांजर असू दे, गोठ्यात शेळी असू दे, किंवा तुम्ही एखाद्या शेल्टरमध्ये नाहीतर प्राणिसंग्रहालयात कीपरचं काम शिकत असाल, गोष्ट तीच आहे. मोकळा प्राणी हिंडून आपल्याला हवं ते शोधतो, एके ठिकाणी कमी पडलं तर दुसरीकडे तोंड मारतो. आपल्या ताब्यातल्या प्राण्याला ती सोय नाही, आपण जे देऊ तेवढंच त्याचं जग, त्यामुळे आपल्या डाएटमध्ये एक गोष्ट राहिली तर ती त्याच्या शरीराला महिनोन् महिने मिळतच नाही.

पायरी १: आधी तोंड आणि पोट बघा

"काय खायला द्यायचं" याच्या आधी "याचं पोट कसं बनलंय" हे बघा. मांजर पक्कं मांसाहारी आहे, त्याला टॉरिन (मांसातून मिळणारं एक अमिनो आम्ल) लागतं आणि ते त्याचं शरीर स्वतः पुरेसं बनवत नाही. १९८७ साली संशोधकांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडल्याने मांजरांचं हृदय फुगून निकामी होत होतं, आणि ही मांजरं तयार फूड खाणारी होती, त्यानंतर कंपन्यांनी त्यातलं टॉरिन वाढवलं. म्हणून मांजराला कुत्र्याचं फूड रोजचं जेवण म्हणून चालत नाही. गिनीपिगला व्हिटॅमिन सी बाहेरूनच मिळावं लागतं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजायला आणि आतडं चालू राहायला त्याला दिवसभर सुकं गवत लागतं, पेलेट (दळलेलं खाद्य दाबून केलेल्या गोळ्या) ही फक्त वरची भर.

घोडा हा वेगळाच विषय. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटर, आणि त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे एकदम भरपूर दाणा घातला तर तो बाहेर टाकायचा मार्गच नाही. त्याला थोडं थोडं आणि सतत चरायचं असतं. रोज वजनाच्या निदान दीड टक्का कोरडा चारा पोटात जायला हवा, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साडेसात किलो, ओलाव्याचं वजन सोडून.

एकाचं खाद्य दुसऱ्याला घालण्याआधी पिशवीवरचं नीट वाचा. मेंढीला तांबं सोसत नाही, ते तिच्या यकृतात साठत जातं, म्हणून गुरांचं खाद्य किंवा मिनरल मिक्स तिला धोक्याचं. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, घोड्याला ते थोडंसंही जीवघेणं ठरतं.

पायरी २: वजन करा, हात लावून बघा

आहारावरच्या पुस्तकातले आकडे सरासरीचे असतात, तुमचा प्राणी सरासरी नाही. कुत्र्यामांजरांसाठी १ (अगदी हाडकुळा) ते ९ (फार लठ्ठ) अशी अंगकाठीची पट्टी वापरतात, साधारण ४-५ चांगलं. फासळ्यांवर तळहात फिरवला की फासळ्या सहज लागाव्यात पण उठून दिसू नयेत, वरून बघितलं तर कंबर कळावी. दाट लोकर किंवा पिसं असलेल्या प्राण्यात डोळा हमखास फसतो, तिथे हातच लागतो. पक्ष्याच्या छातीचं हाड चाचपून बघतात, दोन्ही बाजूंचं मांस उतरून ते धारदार लागलं तर पक्षी खंगलाय.

कुत्र्यामांजराला कॅलरी किती याचा एक हिशोब आहे: वजन (किलो) चा ०.७५ घात गुणिले ७०. १० किलोच्या कुत्र्याचं उत्तर येतं सुमारे ३९५ किलोकॅलरी, ही नुसती पडून राहायची गरज. नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला त्याच्या साधारण १.६ पट धरून सुरुवात करतात, म्हणजे ६३० च्या आसपास. हा आकडा फक्त सुरुवातीचा, पुढे दर आठवड्याला वजनकाटा सांगेल तसं कमीजास्त करायचं.

पायरी ३: काय द्यायचं ते ठरवा, आणि कॅल्शियम विसरू नका

दोन फूडची तुलना करताना लेबलवरचे टक्के तसेच्या तसे शेजारी ठेवू नका. ओल्या डब्यात प्रोटीन १० टक्के लिहिलेलं असतं आणि कोरड्यात ३२, बघितलं की वाटतं कोरडंच भारी, पण ओल्यात ७८ टक्के पाणी आहे, ते काढलं तर उरलेल्या २२ मध्ये १० म्हणजे ४५ टक्के प्रोटीन, आणि कोरड्यात ८ टक्के पाणी काढून जेमतेम ३५. पाणी वजा करूनच बघा, नाहीतर सगळे निर्णय उलटे होतात.

आता कॅल्शियम. माझ्या मते शिकणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, कारण इथली चूक दिसत नाही आणि दिसते तेव्हा हाडं वाकलेली असतात. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण साधारण १:१ ते २:१ असायला हवं. नुसत्या मांसात मात्र फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. म्हणून हाडाशिवायच्या लुसलुशीत मांसावर वाढवलेला वाघसिंहाचा बछडा वरून गुबगुबीत दिसतो आणि आतून त्याची हाडं ठिसूळ होत जातात, रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतूनच काढून घेतं. किडे खाणाऱ्या सरड्यांचंही तेच, नाकतोडे-झुरळं अशा किड्यांत कॅल्शियम अगदी कमी, म्हणून किड्यांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरतात किंवा आधी किड्यांनाच कॅल्शियमवालं खाऊ घालतात. शिवाय दिवसा ऊन खाणाऱ्या सरड्यांना यूव्हीबी (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) प्रकाश हवा, तो नसेल तर दिलेलं कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही. (खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीबी जवळपास येत नाही, त्यामुळे काचेमागचं ऊन त्यात धरू नका.)

फळांबद्दलही एक सांगायलाच हवं. आपण खातो ती फळं गोड आणि कमी चोथ्याची व्हावीत म्हणून माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेली आहेत, रानातल्या फळांसारखी ती नाहीत. इंग्लंडमधल्या पेइंग्टन प्राणिसंग्रहालयाने २०१४ मध्ये माकडांची केळी याच कारणाने बंद केली आणि पालेभाज्या वाढवल्या. माकड केळ्यावर तुटून पडतं म्हणजे केळं त्याच्यासाठी चांगलं, असं होत नाही.

काही गोष्टी तर दारातच अडवा: कुत्र्याला चॉकलेट, द्राक्षं-मनुका, कांदा आणि झायलिटॉल (शुगर-फ्री च्युइंगममध्ये साखरेऐवजी घालतात ते), मांजराला कांदा-लसूण, पक्ष्यांना अॅव्होकाडो.

पायरी ४: मोजून द्या आणि उरलेलंही मोजा

हा खरा मुद्दा. कप, मूठ, "एक भांडं" ही मापं सोडून द्या आणि किचनचा वजनकाटा वापरा. दिलं किती ते लिहा, दुसऱ्या दिवशी भांड्यात, खाली सांडलेलं, गव्हाणीच्या कोपऱ्यात लोटलेलं सगळं गोळा करून वजन करा, वजाबाकी म्हणजे खाल्लेलं. हिरव्या पाल्यात एक गंमत होते, उघडा ठेवला की नुसता सुकूनही वजन कमी होतं आणि आपल्याला वाटतं खाल्लं, म्हणून तेवढाच पाला तेवढाच वेळ प्राण्याचं तोंड पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवून तो किती सुकला ते बघा आणि हिशोबातून वजा करा.

किती उरलं याच्याइतकंच काय उरलं हेही महत्त्वाचं. पोपटाच्या वाटीत पाच-सहा प्रकारचं मिक्स घातलं तर तो सूर्यफुलाच्या बिया वेचून खातो आणि बाकीचं फेकतो, म्हणजे कागदावर डाएट संतुलित आणि पोटात मात्र नुसती चरबी, अ जीवनसत्त्व कमी. वर टरफलं वाटीतच पडून राहतात, लांबून वाटी भरलेली दिसते, त्यामुळे हलवून, फुंकर मारून बघा. निवडून खाणाऱ्यांना सगळं एकत्र करून केलेलं पेलेट द्यावं, किंवा आधी नावडतं आणि आवडतं दिवसाच्या शेवटी.

एकत्र राहणाऱ्यांत अजून एक अडचण, दांडगा खातो आणि दबलेला बघत बसतो. एकूण खाणं बरोबर दिसतं, पण एक सुटतोय आणि एक सुकतोय. प्राणी असतील त्यापेक्षा खायच्या जागा एखादी जास्त ठेवा, एकमेकींपासून लांब, आणि पहिली पंधरा मिनिटं तिथेच उभं राहून बघा.

विष्ठा बघायची लाज बाळगू नका. लीद, लेंड्या, शेण यांचा आकार, ओलावा, न पचलेले दाणे, सगळं वहीत लिहा.

पायरी ५: बदल सावकाश

कुत्र्यामांजराला नवं फूड ७ ते १० दिवसांत जुन्यात मिसळत न्या. रवंथ करणाऱ्या जनावरांना दाणा वाढवायचा असेल तर दोन-तीन आठवडे घ्या, कारण त्यांच्या पोटातले जिवाणू चारा पचवतात आणि त्यांना नव्या खाद्याची सवय लागावी लागते. शेळीने कोठारात घुसून पोटभर धान्य खाल्लं तर पोटात आम्ल होऊन ती दगावू शकते, "एकदाच तर खाल्लंय" म्हणून थांबू नका.

पायरी ६: कष्टाने खाऊ द्या

१९६३ मध्ये संशोधक ग्लेन जेन्सन यांनी केलेल्या प्रयोगात समोर फुकटचं खाणं असतानाही बरेच उंदीर दांडा दाबून खाणं मिळवत राहिले. प्राण्याला शोधायचं, सोलायचं, फोडायचं असतं. रोजच्या मोजलेल्या खाण्यातलंच थोडं लपवा, लटकवा, बर्फात गोठवा. वेगळा खाऊ वाढवू नका, ट्रेनिंगचे तुकडेही रोजच्या हिशोबातूनच कापायचे.

पायरी ७: साठवण आणि पाणी

बुरशीचा वास आला की खाद्य फेकायचं, वाळवून वापरायचं नाही. पेलेटमधलं व्हिटॅमिन सी काही महिन्यांत उडून जातं, बनवल्याची तारीख बघा. गोठवलेले मासे फ्रिजमध्येच वितळवा, पाण्यात टाकले की जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात, शिवाय काही माशांत थायमिन (ब१ जीवनसत्त्व) मोडणारं एन्झाइम असतं, म्हणून सील किंवा पेंग्विनसारख्यांना दर किलो माशामागे साधारण २५ ते ३० मिलीग्रॅम थायमिन देतात. पाणी स्वच्छ आणि कायम. पाणी कमी प्यायलं की खाणंही कमी होतं.

पायरी ८: खाणं थांबलं किंवा उपासमारीतून आलं तर

ससा १२ तास काहीच खात नसेल तर डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचू लागते, त्यामुळे मांजराला कधीही उपाशी ठेवून बारीक करू नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या प्राण्याला दया येऊन पोटभर घालावंसं वाटतं, पण त्याने रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम अचानक उतरून तो जाऊ शकतो, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीत थोडं थोडं आणि अनेकदा द्या.

सापडलेलं पिल्लू असेल तर क्रम पक्का: आधी ऊब, मग पाणी-क्षार, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. कुत्र्यामांजराच्या पिल्लाला पाठीवर झोपवून पाजू नका, पोटावर ठेवून डोकं किंचित वर, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. गाईचं दूध सगळ्यांना चालत नाही, त्या जातीचं मिल्क रिप्लेसर (आईच्या दुधाऐवजी पाजायचं तयार दूध) आणा. डॉक्टरकडे जाताना ती वही बरोबर घ्या, गेल्या आठवड्यातलं दिलेलं, उरलेलं, वजन आणि विष्ठा, एवढं समोर असलं की त्यांना अंदाजाने सुरुवात करावी लागत नाही.