लेझर उपचारानंतर छातीतल्या कळीचा हिशेब कसा ठेवावा

हृदयरुग्णांना पुन्हा चालतं करणं हे माझं काम. अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ. बायपास किंवा अँजिओप्लास्टी शक्य नसलेल्या अशा काही रुग्णांवर लेझर होतं, म्हणजे फासळ्यांमधून छाती उघडून लेझरने हृदयाच्या स्नायूत साधारण एक मिलिमीटर रुंदीची वीस ते चाळीस छिद्रं पाडतात. घरी गेल्यावर पहिला प्रश्न येतो, “अजून दुखतंय, उपचार फसला का?” नाही. आराम पडायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून रोजच्या जाणिवेवर विसंबू नका, वही घाला.

वहीत तीन गोष्टी लिहा: कळ कधी आली, त्या वेळी काय करत होता, कळ थांबवायला जिभेखाली ठेवायची गोळी लागली का. “बरं वाटतं” असं मोघम नको. “एक जिना न थांबता चढलो”, “आंघोळीनंतर बसावं लागलं नाही” असं लिहा. डॉक्टरांना यातूनच खरं चित्र कळतं, आणि मला तर ही वही तपासणीच्या कागदांइतकीच मोलाची वाटते.

चालणं सपाटीवर, बोलता येईल इतक्याच वेगाने. जेवल्याबरोबर किंवा कडक थंडीत नको. फासळ्यांमधली जखम भरेपर्यंत जड उचलू नका.

कळ आली की थांबा, बसा, मगच गोळी जिभेखाली ठेवा. गोळीने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. पाच मिनिटांत कळ ओसरली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. बरं वाटलं तरी औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत. लेझरने त्रास कमी होऊ शकतो, धमन्यांचा आजार तसाच राहतो.